महिला शौचालयांच्या प्रश्नावर विनोदी पथनाट्य कसं बसवावं

बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला दिवसभरात जायला जागा नसते, म्हणून ती पाणीच घोट-दोन घोट पिते. घरकामाला जाणाऱ्या, बसमधल्या कंडक्टर, सिग्नलवरच्या वाहतूक पोलीस, आशा सेविका, रिक्षा चालवणाऱ्या बायका, सगळ्यांचं हेच. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि डॉक्टरांसमोरही खरं कारण सांगताना संकोच वाटतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत शौचालयं बांधली गेलेली आहेत. पण त्यातल्या अनेकांची अवस्था अशी असते की दार आहे तर कडी नाही, कडी आहे तर पाणी नाही, आणि दोन्ही असेल तर बाहेरून कुलूप.

या विषयावर गंभीर भाषण सुरू केलं की गर्दी पांगते. पुरुष इकडेतिकडे बघू लागतात, बायका पदर सावरून निघून जातात. लाज हीच या प्रश्नाची मोठी अडचण आहे, आणि चारचौघांत एकदम हशा पिकला की ती लाज काही मिनिटांपुरती तरी सुटते. तेवढ्या मिनिटांत मागणी मांडून सही घ्यायची असते. हा लेख त्यासाठीच आहे. तुम्ही दहा जण असाल, नाटकाचा अनुभव नसेल, खिशात दोन हजार रुपये असतील, तरी महिन्याभरात बारा मिनिटांचं पथनाट्य उभं राहतं.

हे काही नवं नाही. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून हसवत हसवत समाजाचे कान उपटले. गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून, हसवून, त्यांच्या तोंडून उत्तर काढून घ्यायचे. सिंगापूरच्या जॅक सिम या व्यावसायिकाने २००१ साली वर्ल्ड टॉयलेट ऑर्गनायझेशन काढली. डब्ल्यूटीओ ही आद्याक्षरं जागतिक व्यापार संघटनेचीही आहेत, हे गृहीत धरूनच हे नाव घेतलं होतं. नावाची गंमत वाटून पत्रकार यायचे आणि शौचालयांवर लिहून जायचे. त्या संस्थेचा स्थापना दिवस, १९ नोव्हेंबर, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली जागतिक शौचालय दिन म्हणून स्वीकारला. आणि आपल्या शेजारी मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, ही विसंगती लोकांसमोर उघडी केली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हसू खऱ्या, तपासलेल्या गोष्टीवर उभं होतं, आणि हसण्यापाठोपाठ काहीतरी ठोस मागितलं होतं.

आधी पाहणी, मग विनोद

संहिता लिहायला बसण्याची घाई करू नका. पहिले दोन आठवडे पाहणीचे. तुमच्या प्रभागातली दहा ते बारा शौचालयं निवडा: स्टेशनबाहेरचं, मंडईतलं, बागेतलं, बस डेपोजवळचं, रिक्षा स्टँडजवळचं. दोन-दोन बायकांच्या जोड्या करा. एकटीने जाऊ नका, विशेषतः संध्याकाळी.

प्रत्येक ठिकाणी किमान तीन वेळा जायचं: कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर आणि एका रविवारी. एकाच वेळी पाहून लिहिलेली नोंद टिकत नाही. सकाळी कुलूप होतं असं तुम्ही सांगाल आणि समोरचा म्हणेल की ते साफसफाईसाठी अर्धा तास बंद होतं. तेही खरं असू शकतं.

कागदावर रकाने असे आखा: तारीख आणि वेळ, उघडं की बंद, चावी कुणाकडे आहे असं सांगितलं, आतून कडी लागते का, नळाला पाणी, बादली-मग, दिवा, पिशवी अडकवायला खुंटी, पॅड टाकायला झाकणाचा डबा, पैसे किती मागितले, दर लिहिलेला फलक आहे का. खुंटीचा रकाना गाळू नका. ओल्या फरशीवर पर्स ठेवायची की खांद्यावर धरून बसायचं, हा प्रश्न बांधकामाचे आराखडे करणाऱ्यांच्या डोक्यात सहसा येत नाही, आणि प्रेक्षकांतल्या प्रत्येक बाईला तो क्षणात पटतो. नाटकातला सर्वांत मोठा हशा बऱ्याचदा या खुंटीवरच मिळतो.

फोटो दाराचे, कुलपाचे, फलकाचे काढा. माणसांचे नको, सफाई कामगारांचे तर मुळीच नको.

पाहणी चालू असतानाच एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ठेवा: शौचालयाची देखभाल कुणाकडे, ठेका कोणत्या तारखेपर्यंत, उघडण्याच्या ठरलेल्या वेळा काय. फी १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्या कारणावरून परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे तालमी होईपर्यंत कागद हातात येतो. नाही आला, तर पहिलं अपील करता येतं.

हद्द कुणाची, हे नीट शोधा

ठाण्यात स्टेशनबाहेर दहा पावलं इकडेतिकडे झालं की मालक बदलतो. फलाटावरचं शौचालय रेल्वेचं, बाहेरचं महापालिकेचं, एसटी स्टँडमधलं महामंडळाचं. नवी मुंबईत आणखी गुंता आहे: बऱ्याच स्टेशनांच्या इमारती सिडकोने बांधलेल्या, रूळ-फलाट रेल्वेचे, रस्ता महापालिकेचा, आणि तुर्भे-महापे पट्ट्यात एमआयडीसी. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने तीनशे सह्या गोळा केल्या तर ते कार्यालय एका ओळीत 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' असं कळवतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पहिल्या प्रयोगासाठी ज्याची मालकी निर्विवाद आहे असं एकच शौचालय घ्या. महापालिकेचं असेल तर मागणी प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे.

मागणीसुद्धा एकच आणि मोजता येईल अशी. 'महिलांना स्वच्छ शौचालयं मिळालीच पाहिजेत' यावर कुणीही मान डोलावेल आणि काही होणार नाही. त्याऐवजी असं लिहा: 'हे शौचालय रोज सकाळी ६ ते रात्री ११ उघडं राहावं, आतून कडी बसवावी, आणि चावी असणाऱ्याचा फोन नंबर दारावर रंगवावा. ३० दिवसांत.' नंबर रंगवण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे, म्हणून नाही म्हणायला कारण सापडत नाही, आणि तो एकदा दारावर आला की पुढची तक्रार कुठे करायची हा प्रश्न संपतो.

हसायचं कुणाला

या कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

हसण्याचा रोख ठेवायचा तो कुलपावर, सबबींवर, रंगवलेल्या फलकावर, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणाऱ्या कागदावर. जिला त्रास होतो तिच्यावर नाही. आणि सफाई कामगारावर तर चुकूनही नाही. त्याच्या हातातला झाडू, त्याचे कपडे, त्याची बोली यावर हशा काढणं म्हणजे त्याच्या जातीवर हसणं होतं, मग लिहिणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी आहे, तरी गटारात आणि टाक्यांत उतरून माणसं अजून मरतात. तो माणूस तुमच्या बाजूचा आहे. पाण्याची लाइन नसेल तर सर्वांत आधी त्याचंच काम अडतं. नाटकात त्याचं पात्र घेतलंच, तर सगळ्यात शहाणं वाक्य त्याच्या तोंडी द्या.

एक उदाहरण जवळून पाहू. नवख्या गटाच्या पहिल्या खर्ड्यात हमखास असा प्रसंग असतो: बाईला घाई लागली आहे, ती पोट धरून पाय आवळत इकडून तिकडे उड्या मारते. तालमीत सगळे खो-खो हसतात. रस्त्यावर हेच केलं की पहिल्या रांगेतली मुलं हसतात, मागच्या रांगेतून एखादी घाणेरडी कॉमेंट येते, आणि बायका खाली बघू लागतात. हसू बाईच्या शरीरावर गेलं, म्हणून ज्यांच्यासाठी नाटक करायचं त्याच तुटल्या.

तोच प्रसंग उलटा करा. बाई एका जागी शांत उभी आहे, शिस्तीत, पिशवी दोन्ही हातांत. पळापळ चावीची होते. चार फुटांची पुठ्ठ्याची चावी एकाकडून दुसऱ्याकडे, ठेकेदाराकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून साहेबांकडे, संगीत खुर्ची खेळावी तशी फिरते. ढोलकी थांबली की चावी ज्याच्या हातात तो दचकून म्हणतो, 'माझ्याकडे चार्ज नाही!' सगळ्या उड्या आता यंत्रणेच्या, आणि बाई मात्र ताठ उभी. या प्रसंगात सर्वांत आधी बायका हसतात.

संहिता पूर्ण झाली की ती दोन-तीन भाजीवाल्या, मासेविक्रेत्या किंवा घरकाम करणाऱ्या बायकांना वाचून दाखवा. त्यांना 'आवडलं का' असं विचारू नका, त्या भिडेखातर हो म्हणतील. वाचताना चेहऱ्याकडे बघा. ज्या वाक्याला त्या एकमेकींकडे बघून हसतात ते ठेवा, ज्या वाक्याला नजर वळते ते काढा. त्या बहुतेक वेळा स्वतःहून एखादं वाक्य सुचवतात, आणि ते तुमच्या वाक्यापेक्षा चांगलं असतं. ते घ्या.

संहिता: बारा मिनिटांचा हिशोब

रस्त्यावरचा माणूस बारा मिनिटं उभा राहतो, पंधराव्या मिनिटाला त्याची बस येते. वाटणी साधारण अशी ठेवा. पहिली दीड ते दोन मिनिटं फक्त गर्दी जमवायची: ढोलकी किंवा हलगी आणि आरोळी. पुढची सहा मिनिटं विनोदी प्रसंग, दोन किंवा जास्तीत जास्त तीन. मग एक मिनिट पूर्ण शांत, ढोलकी बंद, आणि पाहणीतली एकच गोष्ट सरळ सांगायची. उरलेली दोन-तीन मिनिटं मागणी आणि सह्या.

सुरुवातीला वासुदेवाचा साचा फार उपयोगी पडतो. टोपी, चिपळ्या, अंगरखा दिसला की ठाण्यातला कुणीही थांबतो. चाल लोकपरंपरेची असल्यामुळे सिनेमाच्या गाण्याच्या हक्कांचा प्रश्नही येत नाही. चार-पाच ओळी पुरतात, त्या आपल्या पाहणीवरून घडवा:

दान पावलं, दान पावलं,
बाजारपेठेला शौचालय पावलं,
रंग पावला, फलक पावला,
दार पावलं, कुलूप पावलं,
चावीचं तेवढं राहून गेलं!

शेवटची ओळ गटातल्या सगळ्यांनी मिळून म्हणायची, दोनदा. तिसऱ्या वेळी प्रेक्षक आपोआप म्हणतात. प्रेक्षकांच्या तोंडून एकदा शब्द निघाला की पुढे सहीसाठी हात पुढे येणं सोपं जातं.

मुख्य प्रसंगासाठी कुलपालाच पात्र करा. नाव कुलूपराव, डोक्याला फेटा, गळ्यात हार, ऐट प्रमुख पाहुण्याची.

बाई : अहो, जरा बाजूला होता का? घाई आहे.
कुलूपराव : घाई? मी दोन वर्षं इथेच आहे, मला कधी झाली का घाई?
बाई : चावी कुणाकडे आहे?
कुलूपराव : साहेबांकडे.
बाई : साहेब?
कुलूपराव : मीटिंगला.
बाई : कसली मीटिंग?
कुलूपराव : शहरात महिलांची सोय किती झाली त्याची. तुम्हालासुद्धा मोजलंय त्यात!

हे चालतं याचं कारण वाक्यं तोकडी आहेत, प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा एक पायरी वर जातं, आणि शेवटचं उत्तर विनोद असूनही खरं वाटतं. बाई चिडत नाही, हेही महत्त्वाचं. ती चिडली की प्रेक्षक तिची समजूत काढू लागतो. ती सभ्यपणे विचारत राहिली की प्रेक्षकालाच राग येतो. 'दोन वर्षं' हा आकडा मात्र तुमच्या कागदातून आला पाहिजे. तुम्हाला दोन महिनेच ठाऊक असतील तर दोन महिने म्हणा. एका फुगवलेल्या आकड्यामुळे पुढचे सगळे खरे आकडे संशयात येतात.

शांत मिनिटासाठी गटातली वयाने मोठी बाई निवडा. तिने हात न हलवता, मोठ्याने, तीनच वाक्यं बोलायची. नमुना: 'या शौचालयाला आम्ही तीनदा भेट दिली. तिन्ही वेळा कुलूप होतं. समोर बसणाऱ्या मावशी सकाळपासून पाणी प्यायलेल्या नाहीत.' मावशींना आधी विचारल्याशिवाय त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. शांततेनंतर पुन्हा विनोद करण्याचा मोह होतो, तो आवरा. हशाने मोकळी झालेली माणसं त्या क्षणी ऐकायला तयार असतात, पुन्हा हसवलं तर ती टाळी देऊन निघून जातात.

काय टाळायचं, तेही सांगून टाकतो. आरतीचं किंवा अभंगाचं विडंबन नको. श्रोत्यांतल्या एकाला जरी ते लागलं तरी चर्चा शौचालयाची राहत नाही, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलच आहे. कुणा अधिकाऱ्याचं, नगरसेवकाचं, ठेकेदाराचं नाव नको. कलम ३५६ बदनामीचं आहे हे एक कारण, आणि दुसरं व्यवहाराचं: अधिकाऱ्याची बदली होते, नाटक जुनं होतं, आणि नवा आलेला माणूस विनाकारण तुमच्यापासून सावध राहतो. खुर्चीवर बोला, माणसावर नको. 'लघवी' हा शब्द मात्र टाळू नका. 'एक नंबर', 'बाहेर जाऊन येते' असं म्हणत राहिलात तर तीच लाज तुम्ही परत आणता. पहिल्यांदा हा शब्द मोठ्या वयाच्या बाईच्या तोंडून, अगदी साध्या आवाजात येऊ द्या. किशोरवयीन मुलाच्या तोंडी दिला तर तो चावट वाटतो.

सामान

मोठं कुलूप आणि मोठी चावी, एवढंच सामान. थर्माकोल वापरू नका: राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे आणि स्वच्छतेच्या नाटकात ते शोभतही नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रीजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका मागून आणा. कुलूप दोन फूट रुंद, तीन फूट उंच. दोन थर एकमेकांवर चिकटवा, नाहीतर वाऱ्याने वाकतं. वरचा कडीचा भाग पुठ्ठ्याचा केला तर दुसऱ्याच प्रयोगात तुटतो. त्याऐवजी बागेच्या पाइपचा तुकडा घ्या, आत जाड तार घाला, आणि दोन्ही टोकं खोक्याच्या आत सहा इंच खाली नेऊन बांधा. मागे दोन पट्टे शिवून लावा म्हणजे कुलूपरावाला ते दप्तरासारखं अंगावर घालता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रंग सोनेरी किंवा पितळी, कडा काळ्या. तीस फुटांवरून कुलूप आहे हे कळलं पाहिजे. ऑइल पेंटचा हात दिला तर पावसाची एखादी सर सोसतं, पण जून ते सप्टेंबर मोकळ्यावर प्रयोग ठरवूच नका.

ढोलकी गटात नसेल तर भाड्याने घ्या किंवा पत्र्याचा डबा वाजवा, चालतो. माइक पहिल्या प्रयोगांना नको. माइक आला की परवानगी वाढते, बॅटरी संपते, आणि कलाकार एका जागी खिळतात.

तालीम

सहा कलाकार, आठ तालमी, त्यातल्या शेवटच्या तीन मोकळ्या मैदानात. बंद खोलीत बसवलेलं नाटक रस्त्यावर निम्मं ऐकू येत नाही. आवाज चढवायचा म्हणजे किंचाळायचं नाही. वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही, एवढं जमलं तरी पुष्कळ होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नवखे लोक नेमकं तेच खाली सोडतात. 'चावी साहेबांकडे...' एवढंच ऐकू आलं तर विनोद गेला.

हशा येईल तिथे थांबायची तालीम करा. हसू पूर्ण विरण्याच्या थोडं आधी पुढचं वाक्य सुरू करायचं. फार लवकर केलं तर ते बुडतं, फार उशिरा केलं तर लोक नाटक संपलं समजून निघतात. तालमीला बाहेरच्या चार माणसांना बोलवा, नाहीतर हा अंदाज येत नाही.

जागा, वेळ, परवानगी

स्टेशनच्या दारात संध्याकाळी सात वाजता गर्दी प्रचंड असते, पण ती घरी पळणारी असते. गाडी चुकवून कुणी थांबत नाही, आणि तुमच्या घोळक्याने वाट अडली तर लोकांचा रोष तुमच्यावर येतो. ठाण्यात तलावपाळीला रविवारी संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ सर्वांत चांगली: माणसं फिरायला आलेली, बायका-मुलं बरोबर, घाई नाही. मंडईत सकाळी अकरानंतर, विक्रीचा जोर ओसरल्यावर. वाशीत सेक्टर १७ च्या बाजारात संध्याकाळी. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत चित्ररथ म्हणून सहभागी व्हायचं असेल तर आयोजकांशी महिना-दीड महिना आधी बोला. तिथे संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून फक्त कुलूपराव, फिरती चावी आणि एक फलक पुरे.

उभं राहताना पाठीशी भिंत किंवा बंद दुकान घ्या, आवाज पुढे जातो. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही असं बघा. वर्तुळ साधारण वीस-पंचवीस फुटांचं, आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी.

परवानगीसाठी प्रयोगाच्या आठ-दहा दिवस आधी दोन पत्रं: त्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना आणि प्रभाग समिती कार्यालयाला. पत्रात तारीख, वेळ, जागा, कलाकारांची संख्या, विषय, दोन जबाबदार माणसांची नावं आणि नंबर, आणि संहितेची प्रत. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढतं आणि त्यात पाच किंवा अधिक माणसं जमण्यावर बंदी असू शकते. तुमच्या तारखेला असा आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यातच विचारून घ्या. ध्वनिक्षेपक वापरणारच असाल तर त्याची वेगळी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. रेल्वेच्या हद्दीत पोलीस ठाण्याचं पत्र चालत नाही, रेल्वेचीच परवानगी हवी. भिंतीवर, खांबावर पोस्टर चिकटवू नका. मालमत्ता विद्रुपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे आणि दंड तुमच्या नावाने येतो. फलक हातात धरा.

सही, पोस्टकार्ड आणि गर्दीतले लोक

सहा कलाकारांशिवाय चार जण हवेत: दोघी सह्यांना, एक चित्रीकरणाला, एक गर्दीवर लक्ष ठेवायला. सह्या घेणाऱ्या नाटक चालू असतानाच कडेने उभ्या राहायला हव्यात. नाटक संपल्यावर पेन शोधायला गेलात तर तेवढ्यात निम्मे लोक जातात.

सह्यांच्या कागदापेक्षा पोस्टकार्ड जास्त परिणाम करतं. साधं पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं, तीनशे कार्डांचे दीडशे रुपये. मोठ्या पोस्टात आधी सांगून ठेवा, एकदम तीनशे काउंटरवर नसतात. पत्ता आणि मागणी आधीच लिहून किंवा शिक्का मारून ठेवायची, माणसाने फक्त नाव, भाग आणि एक ओळ लिहायची. 'कुलूपरावांना निवृत्त करा' अशी ओळ लोक हौसेने लिहितात. सगळी कार्डं एकाच दिवशी न टाकता रोज तीस-चाळीस टाका. एका दिवसाचा गठ्ठा फायलीत जातो, दहा दिवस रोज येणारी टपाल लक्षात राहते. फोन नंबर मागू नका, विशेषतः बायकांकडून.

मागच्या रांगेतून अचकट-विचकट शेरा आला तर कलाकाराने उत्तर द्यायचं नाही. गर्दीत उभ्या असलेल्या तुमच्या गटातल्या मोठ्या बाईने त्याच्याकडे वळून 'काय रे बाळा, तुझ्या आईची सोय कुठे होते?' एवढंच विचारायचं. पुरे होतं. दारू प्यायलेला माणूस मध्ये शिरला तर ढोलकी वाजवत वर्तुळ चार पावलं बाजूला सरकवा, त्याच्याशी वाद नको. एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते झेंडा घेऊन शेजारी उभे राहिले तर त्यांनाही पोस्टकार्ड द्या, पण चित्रीकरणाच्या चौकटीत झेंडा येऊ देऊ नका, नाहीतर शौचालय त्या पक्षाचं होतं आणि दुसरे सगळे हात झटकतात.

चित्रीकरण व्हॉट्सॲपसाठी वेगळं कापावं लागतं. बारा मिनिटं कुणी बघत नाही. कुलूपरावाचा संवाद, शांत मिनिटातली तीन वाक्यं आणि मागणी, असं मिळून ६० ते ७५ सेकंद. नुसता विनोद कापून टाकू नका. तो मागणीशिवाय फिरतो आणि तुम्ही फक्त करमणूक करणारे ठरता. पडद्यावर मराठी अक्षरांत संवाद द्या, लोकलमध्ये बहुतेक जण आवाज बंद ठेवून बघतात. प्रेक्षकांतल्या बायकांचे चेहरे जवळून दाखवू नका.

नंतरचे ३० दिवस

प्रयोगानंतर तिसऱ्या दिवशी लेखी निवेदन, पाहणीच्या तक्त्यासह, पोचपावती घेऊन. पंधराव्या दिवशी प्रत्यक्ष भेट, तीन जणांनीच, त्यातल्या दोघी बायका. भेटीत विनोद पूर्ण बाजूला ठेवा. ज्या अधिकाऱ्याने नाटकाची क्लिप पाहिली असेल तो अवघडलेला असतो. त्याला सन्मानाने मागणी मान्य करायची वाट द्या. बरेचदा अडचण त्याच्याही हातात नसते: ठेका संपलेला, पाण्याचं बिल थकलेलं, मीटर कापलेला. हे कळलं तर मागणी बदलून योग्य टेबलावर न्या.

रोज एकीने जाऊन दार बघायचं आणि तारखेसमोर 'उघडं' किंवा 'बंद' एवढंच लिहायचं. क्लिप किती जणांनी पाहिली यापेक्षा हा तक्ता महत्त्वाचा. तिसाव्या दिवशीही कुलूप असेल तर त्याच जागी दुसरा प्रयोग, पण संहिता तीच नको: कुलूपरावांचा वाढदिवस करा, केक कापा, नव्या नोंदी सांगा. पहिलाच विनोद पुन्हा केला तर लोकांना हा प्रश्न कायमचाच आहे असं वाटू लागतं.

दार उघडलं तर ते तितक्याच मोठ्याने सांगा. समोर बसणाऱ्या मावशींच्या हस्ते फीत कापा, कार्यालयातल्या माणसांना आणि सफाई कामगारांना बोलवा, पेढे वाटा, आणि आभाराचं पत्र त्याच पोस्टाने पाठवा. पुढच्या शौचालयाची मागणी घेऊन जाल तेव्हा टेबलापलीकडे तेच लोक असतील. रोजचा तक्ता मात्र दार उघडल्यावरही किमान तीन महिने चालू ठेवा, कारण नळाची तोटी, कडी आणि दिवा या तीन गोष्टी पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा बिघडतात, आणि त्या लगेच कळवल्या तर चावीवाल्याच्या नंबरावर एका फोनने दुरुस्त होतात.